ऊन आमच्याकडे, झाडं त्यांच्याकडे

नाही, मला एक सांगा, भाजलंय पाठीला आणि तुम्ही मलम लावताय तोंडाला, का, तर म्हणे तोंड लोकांना दिसतं… याला काय म्हणायचं? आणि हे करणारे कोण, तर शिकलेले लोक, इस्त्रीचे लोक, ज्यांच्या घरी पुस्तकांना वेगळं कपाट असतं असले लोक. मी सातवी. तीही मास्तर दयाळू होते म्हणून. पण मलम कुठं लावायचं एवढं मला कळतं हो. तुम्ही हसताय, हसा, ते पहिल्या ओळीतले चष्मेवाले तर मी तोंड उघडायच्या आधीपासून हसताहेत, तुम्ही नक्की कुठल्यातरी कमिटीवर असणार.

सांगतो, नीट सांगतो. आमची इमारत उंच आहे, मान मागं टाकली तर टोपी पडेल एवढी. पुढची बाजू मोठ्या रस्त्यावर. पण समोर आमच्याहूनही उंच अशी काचेची इमारत उभी, त्यामुळे पुढं ऊन म्हणून नाही, बारा महिने सावली. आणि मागची बाजू, जिथं आम्ही राहतो, वरून खाली मोजलं तर मधोमध, तिथं सूर्य दुपारी येऊन जो बसतो तो मावळेपर्यंत उठत नाही. पाहुणा असता तर चप्पल दाखवली असती. भिंत अशी तापते की संध्याकाळी पाठ टेकली तर बनियन भिंतीला राहतं आणि आपण पुढं येतो. दिवे गेले तर असावी म्हणून कपाटात मेणबत्ती ठेवली होती, ती कमरेतून वाकली. आमची ही म्हणाली, "अहो, दूध तापवायचं असेल तर गॅस कशाला लावताय, भिंतीला टेकवून ठेवा."

ही विनोद करत होती तोवर ठीक होतं. पण गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी स्वयंपाकघरात भोवळ येऊन खाली बसली, म्हणजे पडलीच, ती म्हणते बसले. डॉक्टर म्हणाले हवापालट. झालं, लेक गाडी घेऊन दारात. "बाबा, आईला मी नेते, तुम्हीही चला." मी म्हटलं मी येत नाही. जावई चांगला आहे, त्याच्याबद्दल माझं काही नाही, पण त्या घरात पंखा लावायचा तरी विचारून लावावा लागतो. उन्हाळाभर ही तिकडं आणि मी इकडं, भिंतीशी गप्पा मारत. परत आली ती एकच वाक्य घेऊन आली, "हे बघा, दर वर्षी जा-ये करायचं माझं वय राहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ही खोली अशीच राहिली तर गेले की गेले, मग परत येणार नाही." शांतपणे बोलली. बायको ओरडली की घाबरायचं कारण नाही, शांतपणे बोलली की मात्र समजायचं बॅग भरलीय, लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आणि नेमकी तेव्हाच कमिटीची मीटिंग लागली. विषय काय? इमारत थंड करणे. म्हटलं वा, देवाला आमचा पत्ता सापडला. कमिटीनं एक आर्किटेक्ट आणला होता, डोक्यावर केसांचा बुचडा, म्हणून मी त्याला बुचडेराव म्हणतो. बुचडेरावांनी पडद्यावर चित्रं दाखवली, उंच उंच इमारती आणि अंगभर झाडं, जणू जंगलानं पँट घातली आहे. म्हणाले, "भिंतीला झाडांनी झाकलं की ऊन पानांवर पडतं, भिंतीवर नाही. पानं एक प्रकारे घाम गाळतात, आणि त्यानं आजूबाजूची हवा गार होते. एक एक इमारत अशी झाली तर सगळं शहर गार होईल." आता खरं सांगतो, मला ते पटलं. मनापासून पटलं. आयुष्यभर मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, उन्हातल्या भिंतीवर दोराला लोंबकळून रंगवल्या, भिंत काय तापते ते माझ्या तळहातांना विचारा. मी टाळ्या वाजवल्या, एकट्यानं. मग विचारलं, "कुठल्या भिंतीवर लावणार?"

"दर्शनी भिंतीवर," बुचडेराव म्हणाले.

"म्हणजे पुढच्या?"

"अर्थात."

"पण ऊन तर मागं पडतं."

बुचडेरावांनी सेक्रेटरींकडं बघितलं. आमचे सेक्रेटरी म्हणजे मुद्देसाहेब, हे नाव मीच ठेवलंय, कारण त्यांना शिंक आली तरी मुद्दा म्हणून येते. मुद्देसाहेब म्हणाले, "पेंटरकाका, मुद्दा असा आहे की मागची भिंत कुणाला दिसते?"

मी म्हटलं, "सूर्याला दिसते."

"आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे."

नोंदवून घेतला म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. सभ्य माणसाची कचराकुंडी. झालं, पुढं लोखंडी चौकटी लागल्या, चौकटीत कुंड्या, कुंड्यांत नाजूक नाजूक झाडं, पाण्याच्या बारीक नळ्या, रस्त्यावरून लोक फोटो काढायला लागले. आणि मागं आमची भिंत तशीच, उघडीबोडकी, रंगाचे पोपडे उडालेली. ऊन आमच्याकडे, झाडं त्यांच्याकडे.

पण सूर्य नाही म्हटल्यावर झाडं काय करणार? महिन्याभरात पिवळी पडली. तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्यांचा काय दोष, त्यांना काय माहीत दर्शनी म्हणजे काय. कमिटी बसली. मला वाटलं आता तरी अक्कल येईल, झाडं उचलून मागं आणतील. छे. बुचडेराव म्हणाले, झाडांना प्रकाश कमी पडतोय, आपण दिवे लावू. आणि लावले की हो, दिवसाढवळ्या, ढणाढणा, झाडांच्या तोंडावर. आता दिवे लागले म्हणजे उष्णता आली, उष्णता आली म्हणजे पुढच्या लोकांच्या खोल्या तापल्या, ज्या जन्मात कधी तापल्या नव्हत्या. मग त्यांनी एसी लावले. आता एसीचे ते गुरगुरणारे खोके पुढं लावले तर शोभा जाते, नाही का… मग कुठं लावले असतील? बोला, लाजू नका. बरोबर. मागं. आमच्या भिंतीवर. म्हणजे घर गार करायला झाडं, झाडं जगवायला दिवे, दिव्यांची गरमी घालवायला एसी, आणि एसीची गरम फुंकर थेट आमच्या खिडकीत. आधी नुसता सूर्य होता, आता त्याला साथीदार मिळाले. ऊन आमच्याकडे, झाडं त्यांच्याकडे, आणि वर हा वाफारा फुकट.

आमची ही खिडकीत उभी राहिली, ती गरम फुंकर तोंडावर घेतली आणि म्हणाली, "लेकीला फोन करून ठेवते, उन्हाळ्याच्या आत यायला सांगते."

त्या क्षणी, तुम्हाला सांगतो, माझं डोकं फिरलं. म्हटलं अर्ज नाही, विनंती नाही, मुद्दा तर अजिबात नाही. पंपाच्या खोलीमागं एक जंगली वेल माजली होती. नाव कुणालाच माहीत नाही. न बोलावता येते, बसली की उठत नाही, म्हणून मी तिला पाहुणी म्हणायला लागलो. उन्हात तर ती अशी वाढते की संध्याकाळी बघावं तर सकाळच्या जागी नाहीच. गेलो, कात्रीनं तिच्या काड्या कापल्या, आणि माझ्याकडं रंगाचे रिकामे डबे ढिगानं पडलेले, त्यात माती भरून लावल्या. माझ्या खिडकीच्या जाळीच्या आत डबे ठेवले, तारेनं बांधले, आणि वेलीला जायला गच्चीपासून खालपर्यंत दोर सोडले. दोर बांधणं म्हणजे माझं घरचंच काम. पण एकट्याच्या डब्यांनी सगळी भिंत कशी झाकणार? म्हणून मागच्या सगळ्या दारांची बेल वाजवली.

आमच्या खालच्या मजल्यावर शिवणवाल्या बाई राहतात. तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे काय म्हणाल्या ते अर्धंच कळतं, पण राग पूर्ण कळतो. मी म्हटलं, "बाई, खिडकीत हा डबा ठेवायचा, वेल लावायची, कमिटीला विचारायचं नाही." बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. मी घाबरलो. म्हणाल्या, "काका, माझ्या मशीनचं चाक दुपारी हाताला चटका देतं. दोन डबे द्या." मग त्या स्वतःच वरच्या मजल्यावर गेल्या, खालच्या मजल्यावर गेल्या. त्यांचा दरारा असा की कुणी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणणाऱ्याचे ब्लाऊज आणि पँट्स त्यांच्याकडं शिवायला होत्या. मागच्या बाजूच्या प्रत्येक खिडकीत माझा एक एक डबा बसला. कुठं लाल, कुठं निळा, अजून डब्यांवर रंगाची नावं. कमिटीला वाटलं कसलीतरी सजावट आहे. आणि पाहुणी चढायला लागली. दोराला विळखा, जाळीला विळखा, एसीच्या खोक्यांना सुद्धा विळखा घातला बयेनं. उन्हाळा तोंडावर आला तोवर आमची सगळी भिंत हिरवीगार, जांभळी फुलं, मधमाश्या, सगळा संसार. मी संध्याकाळी आतून भिंतीला पाठ टेकली. बनियन अंगावरच राहिलं. हिला हाक मारली, म्हटलं, "टेक पाठ." तिनं टेकली. आणि लेकीला फोन केला, "आत्ता नको येऊस, बघते अजून थोडे दिवस."

आता इथं गोष्ट संपायला हवी होती, की नाही? भल्या माणसाच्या राज्यात संपली असती. पण मुद्देसाहेबांची नोटीस आली. मागच्या भिंतीवर बेकायदा वनस्पती. भिंतीला ओल येईल, किडे येतील, आणि, हे वाचा, ‘इमारतीच्या सौंदर्याला बाधा’. ज्या भिंतीकडं त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं तिचं सौंदर्य. मी जाऊन विचारलं, "मागची भिंत कुणाला दिसते?" तर म्हणाले, "काका, उद्या परीक्षक येणार आहेत. शहरातल्या थंड इमारतींची स्पर्धा आहे, आपण भाग घेतलाय. चुकून कुणी मागं डोकावलं तर त्या जंगलानं आपली लाज जाईल. सकाळी झुला लावून ते कापून टाकतोय." मी म्हटलं, "तुमची झाडं दिव्यावर जगताहेत, माझी उन्हावर, आणि लाज माझ्यामुळे?" ते म्हणाले, मुद्दा नोंदवून घेतला.

मी घरी आलो, हिला सांगितलं. म्हटलं रडेल. तर म्हणाली, "कापायला येणारा माणूस चहा पितो का?" मी म्हटलं, "कोण नाही पीत?" म्हणाली, "मग झालं तर. तुम्ही तुमचं बघा." मी माझं बघितलं. आयुष्यात दुसरं येतंय काय मला? पाटी काढली, ब्रश काढला, झकास पिवळ्यावर काळी अक्षरं, ‘पुढचा रस्ता बंद, काम चालू, मागच्या दारानं यावे’, आणि खाली बाण. असा बाण काढला की तो बघून आंधळाही वळला असता. उजाडता उजाडता पाटी पुढच्या फाटकासमोर नेऊन ठेवली. वॉचमननं विचारलं, "काका, कसलं काम?" म्हटलं, "वरून आदेश आहे." तो बिचारा वर बघायला लागला.

आणि मग तो तमाशा. तुम्ही असायला हवं होतं. भिंतीवर वरून झुला सुटला, म्हणजे दोन दोरांवर लोंबकळणारी फळी, त्यावर हातात मोठी कात्री घेतलेला माणूस. वरच्या मजल्यावरची थोडी वेल कापत कापत आमच्या खिडकीशी आला, तर जाळीतून हिचा हात बाहेर, हातात कप. "दादा, उन्हाचं काम करताय, आधी चहा घ्या." तो म्हणाला, "काकू, काम आहे." ही म्हणाली, "काम कुठं पळतंय, दोरावर तर बांधलंय." त्यानं चहा घेतला. मग बिस्कीट. मग हिनं त्याला घरी कोण कोण, मुलगी कितवीत, सासूबाईंच्या गुडघ्याला काय लावता… तुम्हाला सांगतो, पोलिसांनी सुद्धा एवढी चौकशी कधी केली नसेल. तो चहा संपला तर खालच्या खिडकीतून शिवणवाल्या बाईंचा हात वर, "आता माझा चहा. का मी परकी?" खाली मुद्देसाहेब हातवारे करताहेत, "अरे काप, काप!" आणि वर कात्री मांडीवर ठेवून माणूस बशीतून फुर्र करतोय.

चहा-बिस्किटांत दुपार झाली, भिंतीवर ऊन आलं, आणि तेवढ्यात मागच्या फाटकातून गाडी आत आली. माझ्या बाणावरून. गाडीतून एक बाई उतरल्या, पांढरे केस, साधी चप्पल, हातात एक पिस्तुलासारखं यंत्र. ते भिंतीवर रोखलं की भिंत किती तापली ते आकड्यात येतं म्हणे. त्याच परीक्षक. मुद्देसाहेबांचा चेहरा असा झाला की तो रंग मला डब्यात भरून मागितला तरी करता यायचा नाही. धावले, "मॅडम, पुढून, पुढून, ही मागची बाजू आहे." बाई जागच्या हलल्या नाहीत. यंत्र वेलीआडच्या भिंतीवर रोखलं, बघितलं. मग वर जिथं वेल कापून भिंत उघडी पडली होती तिथं रोखलं, बघितलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. मग पुढं जाऊन त्या दिव्यांच्या भिंतीवर रोखलं, आणि नुसत्या ‘हं’ म्हणाल्या. परत मागं आल्या आणि विचारलं, "ही मागची कल्पना कुणाची?"

आता बघा, इथं माणसाची परीक्षा असते. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, माझी, माझ्या डब्यांची, आणि हे साहेब ती कापायला निघाले होते. आयुष्यभर मी कुणाची खोडी काढायची संधी सोडलेली नाही, आणि एवढी पिकलेली संधी पुन्हा येणार नव्हती. पण वर बघितलं. खिडकीत ही उभी होती. म्हटलं, मी ओरडलो तर आज टाळ्या मिळतील, आणि उद्या परीक्षक गेल्यावर कात्री परत येईल. म्हणून पुढं झालो आणि म्हटलं, "मॅडम, सगळी आमच्या सेक्रेटरी साहेबांची कल्पना."

मुद्देसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी त्यांना विहिरीतून काढतोय की ढकलतोय ते त्यांना कळेना. मग छाती पुढं आली. "हो मॅडम, हा आमचा… मुद्दा असा आहे की… दुसरा टप्पा. रंगीत डबे मुद्दाम ठेवलेत. जुन्या वस्तूंचा वापर."

"आणि तो वर कात्रीवाला?"

"देखभाल, मॅडम. रोज देखभाल असते."

वरून झुलेवाला म्हणाला, "काकू, अजून एक बिस्कीट असेल तर."

बक्षीस मिळालं. कोनाडा करून दारात ठेवलंय, मुद्देसाहेबांचा फोटो वेलीबरोबर. पुढचे दिवे निघाले, पुढची झाडं गेली, रिकाम्या चौकटींत कबुतरं राहायला आली. आणि कमिटीनं ठराव केला, मागची वेल ही आता सगळ्या इमारतीची शान, तिला कुणी हात लावायचा नाही. पाटी कुणाला सांगितली रंगवायला? मला. रंगवली की. चांगल्या लाल रंगात, ‘पान तोडल्यास कडक कारवाई’. ‘कडक’ जरा मोठं काढलं, मस्ती आली होती ना. हिरवी बाजू आमची, जिंकलो आम्ही. उन्हाळाभर ही घरात राहिली, दुपारी पांघरूण घेऊन झोपली, लेकीला म्हणाली तूच ये इकडं, तुझ्याकडं उकडतं. मी संध्याकाळी पुढच्या लोकांच्या समोरून मुद्दाम शिट्टी वाजवत जायचो.

मग थंडी आली.

आता वेलीला काय कळतं हो उन्हाळा आणि हिवाळा. ती तशीच हिरवी, तशीच दाट, खिडकीवर पडद्यासारखी. उन्हाची तिरीप आत येत नाही. दुपारी दिवा लावून पेपर वाचतो. लादीवर पाय ठेवला की झिणझिण्या थेट डोक्यात. हिनं दोन स्वेटर घातले, शाल घेतली, हात चोळत म्हणाली, "अहो, खिडकीपुरती तरी कापा." म्हटलं, पाटी आहे. म्हणाली, "पाटी तुम्हीच काढलीय." म्हटलं, म्हणूनच. "मग कमिटीला सांगा." सांगू? मी? ज्यानं अख्ख्या कमिटीशी उभा दावा मांडला, तो मी जाऊन मुद्देसाहेबांना म्हणू, साहेब, झाडं फार झाली, थोडी कापा? आणि ते त्याचीच वाट बघताहेत बरं का. रोज जिन्यात भेटतात, दात दाखवून विचारतात, "काय पेंटरकाका, खोलीत काही अडचण?" मी म्हणतो, "छे, झकास आहे." एवढं म्हणेपर्यंत माझे दात कटकट वाजतात, पण मी ते हसण्यात खपवतो. मेलो तरी सांगणार नाही. कुडकुडून मेलो तर खाली लिहा, मागे हटला नाही.

परवा लेक आली गाडी घेऊन. हिला घेऊन गेली. जाताना शांतपणे बोलली. म्हणाली, "तिथं गॅलरीत छान ऊन येतं, पाठ शेकेल. उन्हाळा लागला की येते परत."

म्हणजे बघा आता हिशेब. झाडं आमच्याकडे, ऊन लेकीकडे, आणि बायको जिकडे ऊन तिकडे. आणि मी? मी काय करणार… सकाळी उठतो आणि वेलीला पाणी घालतो.